उघड्या ॲल्युमिनियमची लकाकी कशी राखावी? १९४६ च्या सेस्ना १४० बद्दल सल्ला हवा आहे

ओहायोकर:

नमस्कार मंडळी.

गेल्या ऑक्टोबरात मी १९४६ साली बनलेले सेस्ना १४० विकत घेतले. मी ओहायो राज्यात राहतो. विमान एका लहानशा विमानतळावरच्या पत्र्याच्या हँगरमध्ये असते आणि त्या हँगरला ना ऊब आहे, ना वारा खेळायला धड जागा. पंख कापडी आहेत, त्यामुळे त्यांना रुपेरी रंग आहे. धड, शेपटी आणि इंजिनावरचे झाकण म्हणजे काउलिंग मात्र रंग न देता घासून आरशासारखी केलेली आहेत. आधीच्या मालकांनी वीस वर्षे ती स्वतःच्या हातांनी राखली होती. वयोमानामुळे त्यांनी उड्डाण सोडले आणि किल्ली हातात देताना मला एवढेच सांगितले, की याला कधी ओले ठेवून घरी जाऊ नका. तेव्हा त्याचा अर्थ मला पुरता कळला नव्हता.

सहा महिन्यांत चित्र पालटले. ऑक्टोबरात धडाशेजारी उभे राहिले की पत्र्यात माझ्या सदऱ्याच्या गुंड्या मोजता येत. आता चेहरा कुठला आणि टोपी कुठली एवढेच कळते. मार्चमध्ये बर्फ वितळू लागले तेव्हा एका सकाळी हँगर उघडले, तर सगळ्या विमानाला घाम फुटला होता आणि पोटाखालून थेंब गळत होते. तेव्हापासून मला तीन वेगवेगळ्या गोष्टी दिसत आहेत. सगळ्या पत्र्यावर करडी, दुधाळ साय धरली आहे आणि तिच्यात पाण्याचे ओघळ सुकल्याच्या खुणा आहेत. रिव्हेटांच्या, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या, डोक्यांभोवती काळी कडी उमटली आहेत. आणि पोटाखाली, एक्झॉस्टच्या नळीपासून मागे, बोटाला खरखरीत लागणारे पांढरे ठिपके आहेत.

वर्षातून किती वेळा पॉलिश करावे, कोणते करावे, यंत्राने करावे की हाताने? एकदा उत्तम घासून त्यावर पारदर्शक लॅकर मारून टाकले तर दरवर्षीची मेहनत वाचेल का? की सरळ रंग देणे शहाणपणाचे? आणखी एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो. आई साताऱ्याहून आली आहे. माझी धडपड पाहून तिने काउलिंगच्या एका कोपऱ्यावर, तळहाताएवढ्या जागेत, चिंच आणि मीठ लावून घासून पाहिले. तेवढी जागा खरोखर उजळली, म्हणूनच मला अधिक काळजी वाटते आहे. त्यात काही नुकसान झाले असेल का?


हँगर नऊ, टेक्सास:

विमान घेतल्याबद्दल अभिनंदन. मी येथे परवानाधारक विमान मेकॅनिक आहे, आणि गेली पंधरा वर्षे अशा उघड्या पत्र्याच्या विमानांची वार्षिक तपासणी करीत आलो आहे. पहिली विनंती अशी, की पॉलिशचा डबा अजून उघडू नका. आपण तीन गोष्टी वेगळ्या वेगळ्या लिहिल्या आहेत, हे फार चांगले केलेत, कारण त्या खरोखरच वेगळ्या आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. करडी साय म्हणजे ऑक्साइड आणि पाण्यातले क्षार. काळी कडी म्हणजे बहुतेक करून मागच्या खेपेचे पॉलिश, जे रिव्हेटाच्या कडेला राहून गेले. पांढरे ठिपके मात्र गंज आहेत, आणि गंज पॉलिशने झाकायचा नसतो.

सुरुवात धुण्याने करा. विमान सावलीत आणि पत्रा गार असताना भरपूर पाण्याने धूळ आधी नुसती वाहून जाऊ द्या, कारण कोरड्या धुळीवरून कापड फिरवणे म्हणजे सँडपेपर फिरवणेच आहे. साबण उदासीन हवा, म्हणजे आम्लही नको आणि क्षारधर्मीही नको. गॅरेजमध्ये वापरतात ते तेलकटपणा काढणारे जहाल द्रव आणि ओव्हन साफ करायचे फवारे क्षारधर्मी असतात. ते ॲल्युमिनियम अक्षरशः खातात आणि लकाकी मिनिटांत उडवतात. चिकटलेल्या किड्यांवर ओले कापड दहा मिनिटे ठेवले की ते आपोआप सुटतात, नखाने खरवडू नका. शेवटचा हात ऊर्ध्वपातित पाण्याचा द्या, कारण नळाचे जड पाणी पत्र्यावर वाळले की तेच ओघळ पुन्हा दिसतात. मग लगेच मऊ कापडाने टिपून घ्या. टिपायचे, रगडायचे नाही.

रिव्हेटांभोवतीची काळी कडी मिनरल स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने निघतात. हे किचकट काम आहे आणि त्याला आडवाट नाही. पत्र्याचे जोड जिथे एकमेकांवर चढतात तिथेही हाच मळ साचतो आणि ओल धरून ठेवतो. माझ्या मते धडाची एक बाजू नीट करायला एक पूर्ण शनिवार जातो, पण तो शनिवार दिल्यानंतर पुष्कळांना असे आढळते, की पॉलिशची गरज वाटली होती त्याच्या निम्मीही उरलेली नाही.

त्यानंतर एकच पॅनेल निवडा आणि सर्वांत सौम्य पॉलिशने सुरुवात करा. नुव्हाइट या कंपनीच्या श्रेण्या येथे सर्वांच्या ओळखीच्या आहेत: एस ही शेवटच्या हाताची, सी मध्यम, आणि एफ ७ व एफ ९ जास्त कापणाऱ्या. नवीन मालक हमखास करतात ती चूक म्हणजे लवकर काम व्हावे म्हणून एफ ९ पासून सुरुवात करणे. एस ने साय निघाली तर तिथेच थांबा. नाही निघाली तर एक पायरी खाली उतरून सी घ्या. आधीच्या मालकांनी वीस वर्षे राखलेल्या पत्र्याला त्यापलीकडचे काही लागेल, असे मला वाटत नाही.

यंत्राबद्दल सांगायचे तर, सी साठी गोल फिरणारे पॉलिशर आणि त्यावर लोकरीचे आवरण म्हणजे बॉनेट, वेग मिनिटाला साधारण १,५०० फेऱ्यांच्या आसपास. दोन फूट लांबी-रुंदीचा चौकोन घ्या आणि त्यावर वाटाण्याएवढे चार-पाच ठिपके पुरे झाले. जास्त पॉलिशने जास्त चमक येत नाही, नुसता चिखल होतो. बॉनेट फिरू लागले की पॉलिश काळे पडते. ते काळे म्हणजे आपल्याच विमानाचा पत्रा आहे, हे मनात असू द्या. काळेपणा ओसरून खालून चमक वर येईपर्यंत फिरवा आणि थांबा. यंत्र एका जागी धरू नका, कारण इतका पातळ पत्रा पाहता पाहता तापतो आणि तापला की पोक धरतो. पत्र्याच्या कडेवर आणि रिव्हेटांच्या डोक्यांवर दाब हलका ठेवा. या यंत्राने गोल गोल रेषा राहतात, त्या काढण्यासाठी सायक्लो नावाचे दोन डोक्यांचे पॉलिशर वापरतात. त्याला स्वेटशर्टाच्या आतल्या बाजूसारखे केसाळ सुती कापड बांधतात, त्यावर एस घेतात आणि कापड काळे झाले की लगेच बदलतात. अगदी शेवटी कोरड्या स्वच्छ कापडावर चिमूटभर कॉर्नफ्लोअर घेऊन पुसले तर उरलासुरला तेलकट थर उचलला जातो. काम सुरू करण्यापूर्वी अंगठी, घड्याळ आणि पट्ट्याचे बक्कल काढून ठेवा. मी पाहिलेले सर्वांत खोल ओरखडे यंत्राचे नव्हते, बकलाचे होते.

पंखांच्या कापडाजवळ मात्र यातले काहीही जाऊ देऊ नका. पंख जिथे धडाला मिळतो तिथे आधी कापड झाकून घ्या.


धातुशास्त्र_पुणे:

मी निवृत्त धातुशास्त्रज्ञ आहे. विमान चालवत नाही, परंतु आयुष्य ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंबरोबर गेले आहे, म्हणून मेकॅनिक महाशयांनी जे ‘सौम्य पॉलिशने सुरुवात करा’ असे सांगितले, त्यामागचे कारण थोडे विस्ताराने लिहितो.

आपल्या विमानाचा पत्रा एकजिनसी नाही. त्याचा गाभा ज्या मिश्रधातूचा आहे त्याला त्या काळी २४एसटी म्हणत. आजचे त्याचे नाव २०२४. त्यात साधारण साडेचार टक्के तांबे आणि दीड टक्का मॅग्नेशियम असते. तांब्यामुळे त्याला बळ येते आणि त्याच तांब्यामुळे तो लवकर गंजतो. यावर १९२० च्या दशकात अल्कोआ कंपनीत उपाय निघाला, तो म्हणजे या गाभ्याच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर लाटून बसवायचा. याला ॲलक्लॅड म्हणतात. शुद्ध ॲल्युमिनियम स्वतः सहसा गंजत नाही, आणि जिथे ओरखडा पडून गाभा उघडा होतो तिथे आजूबाजूचा थर स्वतः झिजून गाभ्याला वाचवतो. तुम्ही आरसा करता तो या थराचा करता.

आता हा थर किती जाड असतो ते पाहा. पातळ पत्र्यात प्रत्येक बाजूला एकूण जाडीच्या सुमारे ५ टक्के. म्हणजे ०.०२० इंची पत्रा असेल तर थर ०.००१ इंच, साधारण २५ मायक्रॉन. माणसाच्या केसाच्या निम्म्या जाडीहूनही कमी. आमच्या लहानपणी पितळेच्या भांड्यांना कल्हई करीत. कल्हई उडाली, की दारावरून कल्हईवाला जाताना त्याला हाक मारायची. तो भट्टी पेटवून, नवसागर टाकून, कथिल फिरवून भांडे पुन्हा लख्ख करून देत असे. ॲलक्लॅडला असा कल्हईवाला नाही. तो थर कारखान्यात पत्रा लाटतानाच बसतो. एकदा घासून गेला की परत चढवता येत नाही, पत्राच बदलावा लागतो. १९४६ मध्ये मिळालेले ते २५ मायक्रॉन ही या विमानाची ठेव आहे, आणि प्रत्येक कापणारे पॉलिश त्या ठेवीतून काढलेली रक्कम आहे. म्हणून वर्षातून किती वेळा करावे, या प्रश्नाला माझे उत्तर असे, की कॅलेंडर पाहून कधीच करू नये. धुऊन आणि पुसून भागत नाही तेव्हाच, आणि जिथे भागत नाही तेवढ्याच जागेवर करावे.

थर शिल्लक आहे की नाही हे पाहण्याची एक जुनी रीत आहे. दहा टक्के कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात तांबेयुक्त मिश्रधातू काळा पडतो आणि शुद्ध ॲल्युमिनियम पांढरे राहते. ही चाचणी विमानावर करू नका. तपासणीच्या झाकणासारखा एखादा सुटा भाग काढून, हातमोजे आणि चष्मा घालून, त्यावर एकच थेंब ठेवा आणि लगेच भरपूर पाण्याने धुऊन टाका. पृष्ठभाग पांढरा आणि कापलेली कड मधोमध काळी दिसली, तर ॲलक्लॅड शाबूत आहे असे समजावे.

लॅकरविषयी. ॲल्युमिनियमवर हवेतच काही नॅनोमीटरचा ऑक्साइडचा थर क्षणात बनतो. तो पारदर्शक असतो आणि तोच त्याचे खरे चिलखत असतो. आरशासारख्या गुळगुळीत पृष्ठभागावर लॅकरला धरायला काही नसते, त्यामुळे रिव्हेट आणि जोड यांच्या कडांशी तो सुटू लागतो, ओल आत शिरते आणि लॅकरखाली केसासारख्या वळवळत्या रेषांचा गंज पसरतो, जो वरून पुसता येत नाही. मग सगळा लॅकर उतरवावा लागतो, आणि त्या खटाटोपात पत्रा अधिक झिजतो. मेहनत वाचत नाही, पुढे ढकलली जाते आणि वाढते.

आईंच्या प्रयोगाबद्दल मनाला लावून घेऊ नका. चिंचेतले आम्ल सौम्य आहे. त्याने ऑक्साइड आणि क्षार विरघळले, म्हणून जागा उजळली. तांब्या-पितळेला ते योग्यच आहे. चिंता मिठाची. मिठातले क्लोराइड ऑक्साइडचे चिलखत नेमके ठिकठिकाणी फोडते आणि तिथे टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पाडते. त्यात ते मीठ काउलिंगच्या जोडात शिरले असेल तर ओल मिळेल तेव्हा तेव्हा काम करीत राहील. ती जागा आजच ऊर्ध्वपातित पाण्याने तीन-चार वेळा धुवा, जोडातून पाणी वाहू द्या आणि पूर्ण वाळवा. एका वेळच्या घासण्याने काही बिघडले असण्याचा संभव कमी आहे. चुलीची राखही भांड्यांना चालते, विमानाला चालणार नाही, कारण ती क्षारधर्मी असते. आणि तारेचा चोथा, म्हणजे स्टील वूल, या हँगरमध्ये येऊच देऊ नका; लोखंडाचे कण ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि तिथून गंज सुरू होतो.


ओहायोकर:

सर, आपले आणि ‘हँगर नऊ’ यांचे मनापासून आभार. काउलिंगचा कोपरा काल संध्याकाळीच धुतला, आणि आईला मिठाचे कारण समजावून सांगितले तेव्हा ती म्हणाली, की लोणच्याची बरणी ॲल्युमिनियमची का नसते ते तिला ठाऊकच आहे, फक्त विमान तेच आहे हे तिच्या लक्षात आले नव्हते.

आज विमानाखाली पाठीवर झोपून दिव्याने पोट नीट पाहिले. पांढरे ठिपके सर्वत्र नाहीत. एक्झॉस्टच्या नळीमागे काळपट-करड्या धुराचा जो पट्टा पडतो, बरोबर त्याच पट्ट्यात ते आहेत, सुमारे हातभर लांबीपर्यंत दाट आणि पुढे विरळ. लाकडी काडीने एक ठिपका खरवडला, तर पांढरी भुकटी निघाली आणि खाली नखाला जेमतेम जाणवेल एवढा खड्डा होता. फक्त एक्झॉस्टमागेच असे का व्हावे?


लस्कम_फ्लोरिडा:

माझा अनुभव थोडा वेगळा आहे, म्हणून लिहितो. माझ्याकडे लस्कम ८ हे छोटे विमान आहे, तेही १९४६ चेच. मी अटलांटिकच्या किनाऱ्यापासून तीन मैलांवर राहतो. नऊ वर्षे मी ते उघडे राखले. दर उड्डाणानंतर पुसले, दर महिन्याला धुतले, बोटांचे ठसे राहू नयेत म्हणून पाहुण्यांना सुती मोजे दिले, कारण घामातही मीठ असते. तरीसुद्धा दर वसंतात पत्र्याच्या जोडांशी नवे खड्डे दिसत. समुद्रावरून येणारा वारा हँगरच्या फटीतून रात्रभर मीठ आणतो, आणि त्यापुढे माझे दोन हात पुरले नाहीत. शेवटी रंग दिला. तो निर्णय घेताना फार वाईट वाटले, परंतु विमान टिकणे हे चमकण्याहून महत्त्वाचे होते आणि आजही मला तो निर्णय योग्यच वाटतो.

मात्र रंग म्हणजे सुटका, असे कोणी समजू नये. रंग द्यायचा तर पॉलिशमधील तेल पूर्ण काढून, पत्रा रासायनिक रीतीने तयार करून, त्यावर क्रोमेटचा थर आणि प्राइमर नीट चढवावे लागतात. नाहीतर धातुशास्त्रज्ञ सरांनी सांगितलेला तोच रेषांचा गंज रंगाखाली होतो आणि वरून दिसतही नाही. उघड्या पत्र्याचा हा मोठा गुण आहे, की तो काही लपवत नाही. शिवाय रंगाचे वजन येते, आणि ८५ अश्वशक्तीच्या विमानाला प्रत्येक पौंड मोजावा लागतो. अमेरिकन एअरलाइन्सने आपली जेट विमाने कित्येक दशके उघडीच चमकती ठेवली. २०१३ मध्ये त्यांनी रुपेरी रंग स्वीकारला तो मुख्यतः बोइंग ७८७ येऊ घातले होते म्हणून. त्याचे धड ॲल्युमिनियमचे नसून कार्बन तंतूंच्या मिश्र पदार्थाचे असते, त्याला घासून आरसा कसा करणार?

आपण ओहायोत आहात, समुद्र दूर आहे. तिथे मी असतो तर उघडेच ठेवले असते. पण एक सुचवतो. पोटाचा जो भाग धुरात येतो तेवढाच करड्या रंगाने रंगवून घेण्याचा विचार करा. उभ्या विमानाकडे पाहताना तो दिसतही नाही. आणि काउलिंगच्या माथ्यावर, काचेसमोर, चमक न मारणाऱ्या गडद रंगाचा पट्टा नसेल तर तो आधी द्या. मावळतीच्या सूर्याकडे तोंड करून उतरताना आरशासारख्या काउलिंगवरून डोळ्यांत येणारी तिरीप फार धोक्याची असते.


हँगर नऊ, टेक्सास:

एक्झॉस्टबद्दल. आपण जे १००एलएल पेट्रोल भरता त्यात शिसे असते, आणि ते शिसे इंजिनात साचू नये म्हणून त्यात ब्रोमीनचे एक संयुग मिसळलेले असते. दोन्ही मिळून शिशाचे ब्रोमाइड बनून धुराबरोबर बाहेर पडते आणि पोटावर बसते. आपले सी-८५ इंजिन मुळात बरेच कमी ऑक्टेनच्या, कमी शिशाच्या पेट्रोलसाठी बनलेले आहे, त्यामुळे त्याला हा त्रास अधिक. कोरडे असेपर्यंत हा थर निरुपद्रवी दिसतो. ओल लागली की गंजाचे काम सुरू करतो. मार्चमध्ये विमानाला घाम फुटला तेव्हा नेमके तेच झाले असणार. म्हणून दर उड्डाणानंतर, हँगर बंद करण्यापूर्वी, इंजिन निवाल्यावर एवढा पट्टा तरी ओल्या कापडाने पुसून कोरडा करा. हातमोजे घाला, कारण ते शिसे आहे. आधीच्या मालकांचे ‘ओले ठेवून जाऊ नका’ याच्याशीच जोडलेले आहे.

आहेत त्या ठिपक्यांना आपण स्वतः पॉलिश लावू नका. गंज पूर्ण काढावा लागतो, पण काढताना किती पत्रा गेला हे मोजावे लागते. तो मर्यादेबाहेर गेला तर तुकडा बसवणे किंवा पत्रा बदलणे येते. ही तपासणी आपल्या मेकॅनिककडून करून घ्या आणि लॉगबुकमध्ये नोंद करवून घ्या. एफएए या अमेरिकेच्या विमान नियामक संस्थेचे एसी ४३.१३-१बी हे पुस्तक त्याच्याकडे असतेच, त्यातला सहावा भाग गंजावरच आहे. पत्र्याच्या आतल्या बाजूसही पाहायला सांगा. आतून एसीएफ-५० सारखे गंजरोधक तेल फवारायचे असेल तर ते जरूर करा, परंतु ते जोडांतून काही आठवडे बाहेर पाझरत राहते, तेव्हा आधी फवारा आणि नंतर, पाझरणे थांबल्यावर, बाहेरून पॉलिश.

रिव्हेटांबद्दल एक गोष्ट मागच्या वेळी लिहायची राहिली. सैल झालेला रिव्हेट पत्र्याशी घासत राहतो आणि त्याच्यातूनही काळी भुकटी निघते. पॉलिशचे काळे कडे रिव्हेटाभोवती सारखे गोल असते. सैल रिव्हेटाचे काळे वाऱ्याबरोबर मागच्या बाजूला शेपटीसारखे ओढले जाते. सगळी कडी स्वच्छ करा, चार-पाच उड्डाणे करा आणि पुन्हा पाहा. ज्यांची शेपटी परत आली ते रिव्हेट मेकॅनिकला दाखवा. एकदा एका विमानात शेपटीजवळ अशा अकरा रिव्हेटांची रांगच सापडली होती, आणि मालक दोन वर्षे ते पॉलिशचेच समजून पुसत होते.

आता सर्वांत महत्त्वाचे. वेग मोजण्यासाठीची पिटो नळी, उंची आणि वेग कळण्यासाठी बाहेरच्या हवेचा दाब घेणारे स्टॅटिकचे छिद्र आणि इंधनाच्या टाकीचे हवेचे छिद्र यांत पॉलिश जाता कामा नये, म्हणून ती झाकावी लागतात, आणि काम संपल्यावर उघडावी लागतात. २ ऑक्टोबर १९९६ रोजी एरोपेरूचे ६०३ हे बोइंग ७५७ लिमाहून रात्री निघाले. त्याचे धड धुऊन घासताना स्टॅटिक छिद्रांवर लावलेली चिकटपट्टी तशीच राहून गेली होती. तिचा रंग पत्र्यासारखाच होता, त्यामुळे ती कोणाच्या नजरेस पडली नाही. वैमानिकांना उंची आणि वेग दोन्ही चुकीचे दिसत राहिले, खाली काळोख आणि समुद्र होता, आणि विमानातील सत्तरच्या सत्तर माणसे गेली. मी ही गोष्ट प्रत्येक मालकाला सांगतो. रुपेरी चिकटपट्टी कधीही वापरू नका. भडक नारिंगी किंवा लाल घ्या, प्रत्येक तुकड्याला लोंबती फीत ठेवा, किती तुकडे लावले तो आकडा कागदावर लिहा आणि तो कागद सुकाणूला बांधून ठेवा.


धातुशास्त्र_पुणे:

फ्लोरिडाच्या मित्राने लिहिलेल्या शेवटच्या परिच्छेदाशी मी सहमत आहे. पोटाच्या त्या पट्ट्यात खड्डे पडले आहेत, याचा अर्थ तिथला थर बराचसा खर्ची पडला आहे. तिथे चमक आणण्याचा आग्रह धरला तर खड्ड्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा सगळा पत्रा उतरवावा लागेल. तसे करू नये. तिथे रंगच हवा.

आणि हँगरच्या घामाबद्दल: दिवसा बाहेरची दमट उबदार हवा आत येते आणि रात्रभर गार झालेल्या पत्र्यावर तिचे पाणी होते. शक्य असल्यास जमिनीवर प्लास्टिकचा कागद अंथरा आणि एखादा पंखा चालू ठेवा. पत्र्याला टेकून राहणारे कापडी आच्छादन मात्र नको; ते ओल धरते आणि वाऱ्याने हलले की आतल्या धुळीसह घासत राहते.


ओहायोकर:

तीन आठवड्यांनी लिहितो आहे. मेकॅनिकने पोटाचा पट्टा तपासला. खड्डे मर्यादेच्या आत आहेत, आतली बाजू स्वच्छ आहे. गंज काढून, प्राइमर देऊन तेवढा भाग करडा रंगवला आणि लॉगबुकात नोंद झाली.

कॉस्टिकची चाचणी मेकॅनिकच्या समोर, शेपटीजवळच्या एका झाकणावर केली. थेंब ठेवला तसे बारीक बुडबुडे आले. धुऊन पाहिले तर पृष्ठभाग पांढराच होता, आणि झाकणाच्या कडेला, दोन पांढऱ्या रेषांच्या मधोमध, पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ होती. त्या पांढऱ्या रेषा इतक्या बारीक आहेत, की भिंग घेतल्याशिवाय त्या दोन आहेत हे कळत नाही. ते झाकण पुन्हा बसवण्याआधी मी बराच वेळ हातात धरून बसलो होतो.

धुणे आणि रिव्हेटांचे काम दोन शनिवार आणि एक रविवार चालले. कापसाच्या काड्यांचे काम आईने आपणहून अंगावर घेतले आणि माझ्यापेक्षा चांगले केले. त्यानंतर डाव्या बाजूला कुठेही सी लागले नाही, एस वरच भागले. उजव्या बाजूला, जिकडून हँगरचे दार गळते, तिथे दोन पॅनेलांना सी चा एक हात द्यावा लागला. काळी शेपटी परत आलेला एकही रिव्हेट अजून दिसलेला नाही. पाचवे उड्डाण पुढच्या आठवड्यात आहे, त्यानंतर पुन्हा पाहीन. जमिनीवर प्लास्टिक अंथरले आहे आणि पंखा लावला आहे.

नारिंगी पट्टीचे चार तुकडे लावले होते. काम संपल्यावर चारही काढून सुकाणूला बांधलेल्या कागदावर एकाखाली एक चिकटवले, आईकडून मोजून घेतले, आणि मगच विमान बाहेर ओढले.